पहिली सिरिंज फेकायची

दादा, तुमच्या पायाचं प्लास्टर आज सकाळी मी हातोडीने फोडलं.

तुम्हाला न्यायच्या आधी ते कापून काढलं होतं, दोन उभ्या भकलांत, आणि कुणीतरी लॅबच्या मोरीपाशी टेकवून ठेवलं. अकरा दिवस ते तिथेच. बाटल्या धुवायला वाकले की आतला कापूस दिसायचा, कापसाला चिकटलेले तुमच्या पोटरीचे केस दिसायचे. आज दाराला आतून कडी घातली, खोकी उघडायची हातोडी घेतली आणि घातला घाव. पहिल्याला नुसता टवका उडाला. दुसऱ्याला भेग गेली. मग मी थांबलेच नाही. घोट्याचा भाग, नडगीचा भाग, गुडघ्याखालचा जाड भाग, सगळ्याचा भुगा केला. हाताला फोड आले, तोंडात पांढरी धूळ गेली, तरी मारतच होते. एक्स-रेवाले काका बाहेरून दार ठोठवायला लागले, "अहो बाई, काय चाललंय आत?"

"उंदीर मारतेय," मी म्हटलं.

पाहिलंत? माझ्या तोंडून पहिलं येतं ते अजून खोटंच येतं.

शोकसभेत तुम्हाला सगळे शांत म्हणाले. मितभाषी म्हणाले. एकजण ऋजू म्हणाला, त्याचा अर्थ मी नंतर विचारून घेतला. मागच्या रांगेत बसून मला वाटत होतं, ही माणसं दुसऱ्याच कुणाच्या सभेला आलीत की काय. मग मला बोलायला सांगितलं. उभी राहिले, बोलता आलं नाही, रडताही आलं नाही, खाली बसले. म्हणून आता कागदावर. चौथीतून शाळा सुटलेल्या बाईचं लिहिणं आहे. रजिस्टरातले माझे ऱ्हस्वदीर्घ तुम्ही तांबड्या पेन्सिलीने सुधारायचात, हे आता तसंच राहणार.

शांत! तुमच्या लाथेने या खोलीतल्या दोन स्टुलांचे पाय मोडलेत. रक्त गरगर फिरवून वेगळं करायचं सेंट्रिफ्यूज बंद पडलं तेव्हा तुम्ही त्याला आईवरून शिव्या घातल्यात, शेवगावकडच्या, अस्सल, आणि मग वळून मला म्हणालात, "ताई, ऐकलं न्हाईस ना?" मी म्हटलं, "ऐकलं, पण समजलं नाही." आमच्या वेंगुर्ल्याकडच्या शिव्या वेगळ्या असतात. मग त्या तुम्हाला शिकवाव्या लागल्या.

सहा वर्षं मी या खोलीत काच धुतली. टेस्टट्यूब, स्लायडी, सिरिंजा. घरापासून इतक्या लांब येऊन पडलेली बाई, जिची दर रात्री नळ बंद केला की नाही म्हणून झोप उडते, ती काच धुवायलाच बरी. काच फुटू नये एवढंच तिला बघायचं असतं. तुम्ही आलात त्या वर्षी दोन शिकाऊ पोरं सूक्ष्मदर्शकातून मोजत होती. एकजण पाच म्हणाला, दुसरा दोन. तुम्ही रजिस्टर आपटलंत आणि मोरीकडे बघून ओरडलात, "ए कोकण! हिकडं ये. तांदळातलं खडं दिसत्यात ना तुला?"

मी घाबरून म्हटलं, "खडे नाही साहेब, मी जाळी विणायचे. फाटलेलं घर शोधायचं काम माझ्याकडे होतं."

"मग बघ."

मी डोळा लावला. आणि दादा, आत जाळंच होतं हो! काचेवर कोरलेली बारीक बारीक चौकोनी घरं, एकाला एक लागून. माझ्या बापाचं जाळं वाळूत पसरलं की असंच दिसायचं. मी एका कोपऱ्यातून सुरुवात केली, जशी घरी करायचे, एकही घर न सोडता. "तीन," मी म्हटलं. तुम्ही स्वतः बघितलंत. तीनच. तुम्ही मोजणाऱ्या पोराला खुर्चीवरून उठवलंत आणि मला म्हणालात, "बस." या हॉस्पिटलात मी खुर्चीवर बसले ती त्या दिवशी पहिल्यांदा. पाय जमिनीला टेकवायचे की वर घ्यायचे हेही सुचत नव्हतं.

काय मोजलं ते तुम्ही नंतर सांगितलंत. "अगं, शीर म्हंजे रबरी नळी न्हाई. आतनं सारवलेली भिंत हाय. सारवण धड हाय तंवर रक्त गुमान वाहतं. त्याचं पोपडं निघालं की रक्त तिथं थिजतं, गुठळी धरतं. ज्या लोकान्ला अशा गुठळ्या हुत्यात, त्यांचं पोपडं किती निघत्यात ते आपल्याला मोजायचंय." शिरेच्या अस्तराच्या पेशी. पुस्तकातलं नाव लांबलचक होतं, आपण पोपडेच म्हणत राहिलो. चपट्या, फिक्या, मधे एक ठिपका. धडधाकट माणसाच्या थेंबात दोन, तीन. या मोजणीचा पुढे काय उपयोग, ते तुम्हालाही माहीत नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणालात, "आधी मोजू. अर्थ मागनं येईल, पाव्हन्यासारखा."

आणि मग तो धडा. रक्त काढायला शिकवलंत, मी पहिली सिरिंज भरली आणि जपून ट्यूबमध्ये ओतली. रक्त वाया कसं घालवायचं? तुम्ही माझ्या हातातली ट्यूब हिसकावलीत आणि भिंतीवर मारलीत. काच फुटली, माझ्या गालावर रक्त उडालं, भिंतीवरून खाली ओघळ आला.

"काय सांगितलं हुतं? सुई शिरेत घुसली की सुईच सारवण खरवडते. पहिल्या सिरिंजेतलं रक्त रोग्याचं न्हाई, आपन केलेल्या जखमेचं हाय! ते फेकायचं. सुई तशीच ठिवायची, दुसरी सिरिंज लावायची, ती मोजायची. दोनदा टोचलं तर समदंच बाद. अन् चुकलं तर रजिस्टरात लिवायचं. चूक झाली, कशी झाली. झाकायचं न्हाई."

मी खाली बसून काचा गोळा करायला लागले. मार कसा येतो ते मला लहानपणापासून कळतं. मास्तरांची छडी, बापाचं वल्हं. खांदा वर जातो ना, त्याच्या आधीच मला कळतं आणि मी बाजूला होते. तेव्हाही मी बाजूला झाले होते. ते तुम्ही बघितलंत. फडकं आणलंत आणि माझ्याशेजारी उकिडवं बसून भिंत पुसलीत. त्या भाऊबीजेला तुम्ही स्वतःहून पाट मांडून बसलात. मी तुमच्याहून दीड वर्षाने मोठी, तरी दादा तुम्हीच झालात.

त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. शेवगावच्या पुढे, तुमच्या स्वतःच्या गावापासून दोन कोसांवर. तिथलं एक घर तुम्हाला लहानपणापासून माहीत होतं. त्या घरात आई बाळंतपणानंतर पाय सुजून गेली, थोरली लेक तशीच गेली. गाव म्हणायचं, करणी आहे. तुम्ही म्हणायचात, गुठळी आहे. उरलेली धाकटी लेक गया, तिचा भाऊ म्हातारदेव, आणि चुलत घरं मिळून चौदा-पंधरा माणसं. सगळ्यांचे पोपडे मोजायचे म्हणून आपण जीप घेऊन गेलो. गया तेव्हा पोटुशी होती.

दुष्काळाचं दुसरं वर्ष. जाताना घोडेगावच्या बाजाराबाहेर जनावरं नुसती हाडांच्या सापळ्यांसारखी उभी होती, त्यांच्याकडे बघायलाही कुणी गिऱ्हाईक नव्हतं. ती सगळी भावकी सडकेच्या कामावर खडी फोडत होती. तिथेच, दगडांच्या ढिगाशेजारी, आपण ताडपत्री बांधली.

पहिल्या माणसाचं रक्त काढलंत, पहिली सिरिंज तुम्ही सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मातीवर सोडलीत. पुढे बसलेली एक म्हातारी उठलीच. "आरं डाक्टर, आमच्या अंगात पानी न्हाई, अन् तू रगत मातीत घालतूस? हे काय म्हसोबाचं बोकड हाय व्हय?"

माणसं हसली, पण हसणं चांगलं नव्हतं. हातोडे थांबले. तुम्ही समजावून सांगितलंत, सुई, सारवण, जखम, सगळं. म्हातारी बसली. तुम्हाला वाटलं, मिटलं. मला ते हसणं पाठीवर जाणवत होतं. खांदे वर जायच्या आधीचं हसणं होतं ते.

म्हणून पुढच्या माणसापासून मी पहिली सिरिंज बाटलीत सोडायला लागले. बूच लावायचं, बाटली पिशवीत, पिशवीवर माझी शाल. वाटेत कुठे ओढ्याला ओतून देऊ. तुम्ही दोन माणसांनंतर बघितलंत.

"ताई, फेक. समोर फेक."

"लोक बघतायत दादा."

"म्हनूनच फेक. झाकली की वस्तू चोरीची हुते."

मी "बरं" म्हटलं. आणि तुम्ही पुढच्या दंडाला पट्टा बांधायला वळलात तशी पुन्हा बाटलीत सोडली. दोन दिवस. चौदा माणसं.

निघताना म्हातारदेव सामान जीपमध्ये ठेवायला पुढे आला. मदत करायलाच आला होता हो. बहिणीला सातव्या महिन्यात घेऊन ये, बाळंतपण आपल्या देखरेखीत करू, हे तुम्ही त्याला दोनदा सांगितलं होतं आणि तो दोन्ही वेळा मान हलवून "व्हय" म्हणाला होता. त्याने पिशवी उचलली. बूच निघालं असावं. त्याच्या पायावर काही चिकट टपकलं, त्याने खाली बघितलं.

"हे काय हाय?"

मी म्हटलं, "काही नाही."

दादा, तिथेच सांगितलं असतं तर! 'हे फेकायचं रक्त आहे, मी घाबरून लपवलं,' एवढीच तर दोन वाक्यं होती. त्याने शाल ओढली, बाटली वर धरली. अर्धी भरलेली, काळपट. "काई न्हाई? हे काई न्हाई? आमचं रगत बाटलीत भरून इकाया चाललाव व्हय रं? पोटाला सरकारची सुकडी खातोय आमी, अन् तुमी आमचं रगत नेताय!"

मग आवाजच आवाज. ताडपत्री फाटली. ट्यूबांची पेटी कुणीतरी दगडावर आपटली, दोन दिवसांचं काम खडीत सांडलं. तुम्ही मधे शिरून ओरडत होतात, "आरं ऐका, ऐका माझं!" तुमचा सदरा गळ्यापासून खाली फाटला, एक दगड तुमच्या कानाला लागला. आणि म्हातारदेवाने पहार उचलली. ती पहार माझ्यासाठी होती. त्याचा खांदा वर गेला तो मी बघितला, आणि लहानपणापासून जे केलं तेच केलं. बाजूला झाले. तुम्ही पुढे आलात.

हाड मोडल्याचा आवाज मला माहीत नव्हता. ओल्या फांदीसारखा नसतो तो. सुक्या फांदीसारखाच असतो.

त्यानंतर मी काय केलं ते शोकसभेत कुणालाच माहीत नव्हतं. हाताने फिरवायचं सेंट्रिफ्यूज आपण नेलं होतं, त्याचं लोखंडी हँडल माझ्या हाताला लागलं. मी ते म्हातारदेवाच्या कपाळावर घातलं. मारावं म्हणून नाही, मरावा म्हणून घातलं. तो बसला, त्याचे डोळे रक्ताने भरले, मी दुसऱ्यांदा हात उचलला आणि तुम्ही मातीत पडल्या पडल्या किंचाळलात, "ताई! दाब त्याचं कपाळ! आधी त्याचं कपाळ दाब!"

मी हलले नाही. "दाब म्हनतो ना! ह्या घरातली दोन मानसं आधीच गेल्यात, कळतंय का तुला?"

जीपमध्ये आडवं करता येईना, म्हणून खडीच्या ट्रकमधून तुम्हाला दोघांनाही शेवगावला आणलं. खाली दगड, एका बाजूला तुम्ही, दुसऱ्या बाजूला तो, मधे मी, माझा पदर त्याच्या कपाळावर. ट्रक खड्ड्यात आदळला की तुम्ही ओरडायचात, आणि तुम्ही ओरडलात की मला त्याचं डोकं सोडून द्यावंसं वाटायचं. एकदा बोटं सैल केलीही. तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "नीट दाब. तुझ्याच हातचं काम हाय ते." आणि हसलात. तसल्या वेळी! आणि मग त्याला म्हणालात, "म्हातारदेवा, सातव्या महिन्यात. ध्यानात हाय ना?" तो लहान पोरासारखा थरथरत होता.

पोलिसांना तुम्ही सांगितलंत, खडीच्या ढिगावरून पाय घसरला.

यावरून आपलं भांडण झालं ते पुरं झालंच नाही. शेवगावहून हलवल्यावर आपल्याच हॉस्पिटलात तुम्ही पाय टांगून पडलेले, मी उशाशी उभी. मी म्हटलं, "चूक झाकायची नाही म्हणून ट्यूब फोडलीत ना माझी? मग आता? घसरला म्हणे पाय!"

"मी फिर्याद दिली तर तो आत जाईल. गयाला हिकडं कोन आनंल?"

"मग खोटं चालतं म्हणा."

"हे खोटं न्हाई ताई, प्लास्टर हाय. हाड जुळेस्तवर ठिवायचं. मग फोडायचं."

"शब्दांत बरं पकडता येतं तुम्हाला."

"तुला बाजूला हुता येतं, मला शब्दांत पकडता येतं," तुम्ही म्हणालात. सहज म्हणालात. तुमच्या ते लक्षातही नसेल. मी बाहेर जाऊन कठड्याला धरून उभी राहिले. पहार आली तेव्हा मी बाजूला झाले ते तुम्ही बघितलं होतं, हे मला तेव्हा कळलं. बाटलीबद्दल तुम्ही एकदाही बोलला नाहीत. शिव्या घालायच्या होत्यात हो. एक ट्यूब फोडायची होतीत. तुमच्या त्या गप्प बसण्याने मला जेवढं मारलं तेवढं बापाच्या वल्ह्यानेही नाही.

एकविसाव्या दिवशी दुपारी तुम्ही बोलावलंत. "पोटरीत गोळा आल्यागत वाटतंय. प्लास्टर काचत असंल. पन समद्यांचं मोजलं, एकदा माझं मोज की. बघू डाक्टरचं सारवण कसं हाय."

तुमच्या दंडाला पट्टा बांधला आणि माझा हात थरथरायला लागला. इतक्या लोकांना टोचलं, कधी नाही. सुई घुसली, शीर सरकली. पुन्हा टोचलं, तिथेच, अर्ध्या बोटावर. तुम्ही तोंड वाकडं करून म्हणालात, "जाळं फाडलंस की गं माझं." पहिली सिरिंज फेकली. तुम्ही नजरेने खात्री करून घेतलीत.

खोलीत आले, फिरवलं, थेंब काचेवर ठेवला, कोपऱ्यातून सुरुवात केली. चौदा.

पुन्हा मोजलं. चौदा. चपटे, फिके, मधे ठिपका. आजवर मी इतके कुणाचेच बघितले नव्हते. मग मनात आलं, दोनदा टोचलंय. हे त्यांचे नाहीत, माझ्या सुईचे आहेत. आता सांगायला गेले तर ओरडतील, म्हणतील, एवढं शिकवलं आणि शेवटी स्वतःच्या भावाच्या हाताला भोकं पाडलीस. मला तुमच्या ओरडण्याची भीती वाटली, दादा. ज्याच्यासाठी एकवीस दिवस झुरत होते, त्याचीच.

पाचला चहा घेऊन आले. तुम्ही विचारलंत, "किती?"

"अजून मोजायचंय."

"उद्या सांग मग." आणि कुशीवर वळता येत नव्हतं म्हणून मानच तेवढी वळवलीत.

सकाळी तोंड धुवायला तुम्हाला उठवून बसवलं. तुम्ही खोकलात. छातीवर हात नेलात, माझ्याकडे नाही, दाराकडे बघितलंत, जसं कुणी मारायला आत येतंय. तांब्या खाली पडला. तुम्ही हवेसाठी झगडत होतात, पलंगाच्या लोखंडी पट्ट्या तुमच्या हातांनी वाजत होत्या, माझ्या मनगटावर तुमची नखं रुतली, ते वण अजून आहेत. डॉक्टर धावत आले, तुमच्या छातीवर बुक्क्या मारल्या. सगळं मिळून, तांब्यातलं पाणी फरशीवर पसरून दारापर्यंत जायला जेवढा वेळ लागला तेवढाच. पायातली गुठळी फुप्फुसात गेली, असं त्यांनी सांगितलं.

आदल्या दिवशी मी 'चौदा' म्हटलं असतं तर? मी वॉर्डातल्या डॉक्टरांना विचारलं. ते चांगले आहेत, म्हणाले, "बाई, त्या आकड्याचा अर्थ अजून कुणालाच माहीत नाही." म्हणजे काय, दादा? अर्थ आला नव्हता म्हणून आकडाच सांगायचा नाही? निदान तुम्ही पोटरीचं डॉक्टरांना सांगितलं असतंत. निदान त्या सकाळी तुम्हाला कुणी उठवून बसवलं नसतं. निदान, निदान. अकरा दिवस एवढा एकच शब्द चघळतेय.

आता दुपारचं सांगते. त्यासाठीच लिहायला बसले.

प्लास्टरचा भुगा अजून फरशीवर होता, हातोडी टेबलावर. दार उघडलं आणि म्हातारदेव उभा. कपाळावर आडवा वण, माझा. मागे गया, सातव्या महिन्यातली, डोक्यावरचा पदर दातात धरलेला. त्याच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी.

"डाक्टर हायेत का? सातवा लागला. घिऊन ये म्हनले हुते." आणि फडकं सोडलं. "ही त्यान्ची चप्पल. डावी. खडीत राह्यली हुती."

पुसून आणली होती, दादा. तुटलेला अंगठा शिवून आणला होता.

माझा हात हातोडीवर गेला. खरं सांगते, गेला. त्याने ते बघितलं आणि तो हलला नाही. बाजूला झाला नाही. डोकं थोडं खाली केलं, एवढंच.

"डॉक्टर गेले," मी म्हटलं.

"कुठं?"

तोंडात पहिलं आलं ते 'हार्ट बंद पडलं.' ते मी गिळलं. "वारले. तुझ्या पहारेने पाय मोडला, त्या पायात गुठळी झाली, तुझ्या आईला झाली होती तशी. तुझ्या पहारेने गेले. आणि माझ्या पिशवीने." मग त्याला सगळं सांगितलं. ते रक्त विकायचं नव्हतं, फेकायचं होतं. डॉक्टर म्हणत होते समोर फेक, मी लपवलं. तू विचारलंस तेव्हा मी काही नाही म्हटलं.

तो खाली बसला. त्या भुग्यातच. आणि तुमची चप्पल उचलून स्वतःच्या कपाळावर मारायला लागला. फाड, फाड, फाड. तोंडातून आवाज नाही, नुसता चपलेचा. गया ओरडली, "दादा! आरं, नगं रं दादा!" तीही त्याला दादाच म्हणते. वण उकलला, रक्त भुवईवरून खाली आलं. मी त्याचं मनगट पिरगाळून चप्पल सोडवली आणि पदर त्याच्या कपाळावर दाबला. नीट दाबला. बोटं सैल केली नाहीत.

तो पांढऱ्या धुळीत, रक्त, घाम, माझ्या हाताखाली त्याचं डोकं गदगदा हलतंय, आणि मला त्याची घृणा वाटत होती. अजून वाटते. ते लपवत नाही. पण दाबलं.

रक्त थांबलं तेव्हा गयाच पुढे आली. हात लांब केला, बाही वर घेतली. "बाई, माझं घ्या. ज्याच्यापायी समदं झालं, ते तरी पुरं करा."

हात थरथरला नाही. एकदाच टोचलं. पहिली सिरिंज भरली, काढली, दोघांना दाखवली. "हे बघा. हे सुईच्या जखमेचं. हे मी फेकतेय." आणि मोरीत सोडली, पांढऱ्या भुग्यावरून तांबडी धार सरकत गेली. म्हातारदेव शेवटच्या थेंबापर्यंत बघत होता. "एवढंच हुतं व्हय?" तो म्हणाला. एवढंच होतं.

मोजलं. चार. तिथल्या तिथे तिला सांगितलं, आणि हेही सांगितलं की याचा पक्का अर्थ आम्हाला अजून माहीत नाही. मग तिला वॉर्डातल्या डॉक्टरांकडे नेलं, आईचं आणि बहिणीचं सगळं त्यांच्या कानावर घातलं. तिला बायकांच्या वॉर्डात खाट मिळालीय, बाळंतपण होईपर्यंत. म्हातारदेव बाहेर व्हरांड्यात बसलाय. जा म्हटलं तर जात नाही.

भुगा मी भरून ठेवलाय. चप्पल टेबलाखाली, तुमच्या जागी.

आणि आता रजिस्टर समोर आहे. तुमच्या नावापुढची ओळ मी कोरी ठेवली होती. ती आत्ता भरली. तांबड्या पेन्सिलीने सुधारायला तुम्ही नाही, म्हणून सावकाश, एकेक अक्षर बघून लिहिलं. 'हात थरथरला. दोनदा टोचलं. मोजणी धरायची की नाही, माहीत नाही. रुग्णाने विचारलं तेव्हा सांगितलं नाही. मोजणारी, यमुना.'

तुम्ही विचारलं होतंत, किती.

चौदा, दादा.